मत न देणाऱ्याला निकालाचा दोष द्यायचा का? घरात आणि गल्लीत हा हिशेब कसा मांडावा

पहिली गोष्ट, निकालाच्या दिवशी हा विषय काढूच नका. ४ जून २०२४ ला आमच्याकडे तो निघाला. टीव्हीवर नाशिकचे आकडे चालू होते आणि सगळे जेवायला बसलो होतो. पुण्याहून आलेला माझा मुलगा निकालावर बोलायला लागला. आप्पा, म्हणजे माझे सासरे, त्याला म्हणाले, "मत दिलंस का तू? नाही ना? मग आता तोंड वर करून बोलू नकोस." तो म्हणाला, "माझ्या एका मतानं काय फरक पडला असता, आप्पा?" आणि ताटावरून उठून गच्चीवर गेला. त्याची आमटी गार झाली आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

मी नाशिकच्या सिडकोत राहते, महापालिकेच्या शाळेत शिकवते. सात वर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम केलं आहे आणि मतदान केंद्रावर पाच वेळा ड्युटी केली आहे. 'मत न देणारा' हा एक शिक्का किती वेगवेगळ्या माणसांवर बसतो, ते मी दारोदार फिरून पाहिलं आहे. त्या दोघांचंही निम्मं बरोबर होतं आणि निम्मं चूक. तिसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन वही उघडली आणि हिशेब मांडला. तुमच्या घरी अशी वेळ आली तर तुम्हीही असाच मांडा.

आधी यादी घ्या, मग नावं गाळा

आपल्या भागाची मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. तिची छापील प्रत काढा आणि पेन्सिल घेऊन आपल्या गल्लीची नावं बघा. ज्यांनी मत दिलं नाही अशी नावं भरपूर सापडतील, पण त्यातली बरीच माणसं तिथे नसतातच. एक आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या, घरच्यांनी नाव वगळायचा फॉर्म ७ भरलाच नाही. शेजारची मुलगी लग्न होऊन ओझरला गेली. एक कुटुंब खोली सोडून पाथर्डी फाट्याला राहायला गेलं. बीएलओ म्हणून आम्ही अशा नावांची वेगळी यादी करून देतो. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. 'अमक्या टक्के लोकांनी पाठ फिरवली' असं कुणी म्हटलं की मला ती यादी आठवते. मेलेल्या माणसानं पाठ फिरवलेली नसते.

त्यानंतर ज्यांना इच्छा असूनही येता आलं नाही त्यांची नावं गाळा. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात खटला चालू असलेला, अजून गुन्हा सिद्ध न झालेला माणूसही मत देऊ शकत नाही, कायद्यानंच बंदी आहे. द्राक्षबागेत नोव्हेंबरात डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायच्या कामाला आलेली सुरगाण्याच्या मजुरांची टोळी घ्या. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, त्यांची नावं गावाकडे आणि माणसं निफाडला. बागाईतदारानं आदल्या दिवशी टेम्पो करून दिला तर ती जातात, नाही दिला तर राहतात. तो दोष टोळीच्या माथी मारू नका.

आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. तिला सांगितलं गेलं, आलीस तर हजेरी, नाही आलीस तर खाडा. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणं कायद्यानं बंधनकारक आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, पण तो फार तर ५०० रुपये. तिचा एका दिवसाचा खाडा तिला त्याहून महाग पडतो, कारण त्यावर तिचा महिना चालतो. तिचं नाव मी गाळलं आणि बाजूला 'ठेकेदार' असं लिहिलं.

इतकं गाळल्यावर आमच्या गल्लीत मत न दिलेल्या १७ नावांतली ६ उरली. बोलायचं ते या सहांबद्दल.

फरकाचा आकडा बघा

'एका मतानं काय होतं' या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं असतं, म्हणून ते दर वेळी काढावं लागतं. नाशिक लोकसभेला २०२४ मध्ये मतदार २० लाखांच्या वर होते, मतदान ६१ टक्क्यांच्या आसपास झालं आणि जिंकलेल्या उमेदवाराची आघाडी १,६२,००१ होती. माझा मुलगा २० मेला मतदानाला आला असता तरी हा निकाल हलला नसता. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारण ते खरं आहे आणि खरं मान्य केल्याशिवाय पुढचं तो ऐकणार नव्हता.

त्याच वर्षी, आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव मध्य विधानसभेचा निकाल लागला १६२ मतांनी. दोन्ही आकडे मी वहीत एकाखाली एक लिहिले. १,६२,००१ आणि १६२. दीडशे माणसं म्हणजे दोन-तीन गल्ल्या. तिथे जो घरी बसला त्याला 'माझ्यानं काय झालं असतं' असं म्हणता येत नाही. धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांवर लागला, मालेगाव आणि बागलाण त्याच मतदारसंघात येतात. आणि मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. आपला मतदारसंघ १६२ चा निघणार की दीड लाखाचा, हे नंतर कळतं.

इथे एक गाठ आहे, ती नीट सोडवा. फरक लहान असला म्हणून घरी बसलेला प्रत्येक जण निकालाला जबाबदार ठरतो असं नाही. तो आला असता आणि त्यानं जिंकलेल्यालाच मत दिलं असतं तर? मग फरक वाढला असता. म्हणजे निकालाचा दोष कुणावर येतो, तर ज्याला येता येत होतं, ज्याला कोण नको ते मनात पक्कं होतं आणि तरीही जो आला नाही, त्याच्यावर. मनातलं फक्त त्यालाच माहीत. म्हणून 'तू कुणाला दिलं असतंस' असं चारचौघांत विचारू नका. मत गुप्त आहे, न दिलेलं मतही गुप्तच असावं. त्याला इतकंच सांगा, हा प्रश्न तू स्वतःला विचार, उत्तर मला नको.

निवडून आलेल्यानं पुढे जे काही केलं त्याचा पहिला जाब तो स्वतः देईल, मग त्याला निवडणारे. घरी बसलेला त्यांच्या मागे उभा आहे. त्याला ओढून पुढे आणलं की पुढचे दोघं सुटतात, हे मी गल्लीतल्या भांडणांत अनेकदा पाहिलंय.

न येणं आणि नाकारणं वेगळं ठेवा

रस्त्यासाठी, पाण्यासाठी अख्खं गाव बहिष्कार टाकतं, तहसीलदारांना आधी निवेदन देतं, तेव्हा त्या गावानं मत मांडलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मशीनवर 'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण आहे, तेही मांडणंच. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी नियमच केला की 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तर कुणीही विजयी नाही, फेरनिवडणूक. लोकसभा-विधानसभेला हा नियम नाही. कुणी तुम्हाला म्हणालं, मला एकही उमेदवार पटला नाही म्हणून गेलो नाही, तर विचारा, नोटा का नाही दाबलंस? आमच्या सहा जणांपैकी एकानं हे कारण दिलं. या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ऊन फार होतं हो मॅडम." मला त्याचा राग आला नाही. खरं सांगितलं त्यानं.

बूथचा आकडा

निकालापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट ही आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक झाली. पुढच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं चेंबर तुंबलं आणि घाण पाणी तीन घरांच्या ओट्यापर्यंत आलं. एका घरात बाळंतीण होती. आम्ही पाच-सहा बायका एका कार्यकर्त्याकडे गेलो. त्यानं खिशातून घडी घातलेला झेरॉक्सचा कागद काढला. त्यावर बूथवार आकडे होते, काहींवर पिवळी रेघ. आमच्या बूथवर बोट ठेवून तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडं निम्मी लोकं बाहेरच पडत नाहीत. साहेबांनी आधी कुठं बघायचं, तुम्हीच सांगा." पिवळी रेघ शेजारच्या बूथवर होती. चेंबरचं काम आधी तिकडे झालं, आमच्याकडे दिवाळीनंतर.

तो माणूस चुकीचं बोलला. गटार मतांवर मिळत नाही, घरपट्टीवर मिळतं, आणि मी त्याला हे तोंडावर सांगितलं. पण तो कागद खरा होता, आणि असे कागद सगळ्यांच्या खिशात असतात. कुणाला मत दिलं ते गुप्त राहतं, किती जण आले ते राहत नाही. जो घरी बसला त्यानं आपल्या ओट्यावर पाणी आलेल्या शेजारणीचं वजन कमी केलं. निकाल दीड लाखाचा असो नाहीतर १६२ चा, हा वाटा दर वेळी असतो. मुलाला मी हेच सांगितलं, आणि एवढ्यावर तो काही बोलला नाही.

तुमच्या बूथचा आकडा तुम्हीही काढू शकता. लोकसभा आणि विधानसभेनंतर फॉर्म २० प्रसिद्ध होतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. त्याची बेरीज करा आणि यादीच्या शेवटी दिलेल्या एकूण मतदारांशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक मात्र जपा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत नाशकात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्या जवळपास चार वर्षांतला खड्डा मत न देणाऱ्याच्या नावावर लिहू नका. तेव्हा मतदानच नव्हतं.

स्वतःपासून सुरुवात करा

दुसऱ्याला विचारायच्या आधी आपलं सांगा, म्हणजे समोरचा कान देतो. २१ ऑक्टोबर २०१९ ला मी सिन्नर तालुक्यातल्या एका केंद्रावर दुसरी मतदान अधिकारी होते. नोंदवहीत सही घ्यायची, डाव्या तर्जनीला शाई लावायची. नखाच्या मुळाशी, कातडीवरून नखावर. कांदे खुडून आलेली बोटं, चुन्यानं चिरलेली बोटं, एका आजोबांची तर्जनीच नव्हती, त्यांच्या पुढच्या बोटाला लावली. संध्याकाळी मशीन बंद करून मतांचा हिशेब जुळवला, सह्या झाल्या आणि हात धुताना माझ्या लक्षात आलं, माझं बोट कोरं आहे. ड्युटीवरच्या लोकांना टपाली मत असतं, त्याचा फॉर्म १२ पहिल्या प्रशिक्षणातच हातात दिला होता. तो मी पर्समध्ये ठेवला आणि मुदत गेली. येता येत होतं, मनात पक्कं होतं, दिलं नाही. माझ्याच मापानं माझा वाटा पूर्ण निघतो. हे मी मुलाच्या देखत आप्पांना सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत, पण नातवाला म्हणाले, "बस जेवायला."

'मत नाही दिलं तर बोलायचा हक्क नाही' हे वाक्य घरातून काढून टाका. अंबडच्या त्या बाईला, सुरगाण्याच्या टोळीला, कच्च्या कैद्याला मग कधीच बोलता येणार नाही. बोलायचा हक्क शाईनं मिळत नाही.

पुढे काय करायचं

वाटा मान्य केला की लगेच हाताला काम द्या, नुसतं वाईट वाटून उपयोग नाही. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, नवं नाव असेल तर फॉर्म ६, घरातलं कुणी गेलं असेल तर फॉर्म ७. अठरा पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख, त्यामुळे मुलांना वर्षभर थांबायला लागत नाही. काही अडलं तर १९५० वर फोन करा. ८५ च्या वरच्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, पण १२ड हा अर्ज आधी द्यावा लागतो. आणि केंद्रावर गेल्यावर तुमच्या नावानं आधीच कुणी मत देऊन गेलेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट मागा, ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते.

माझ्या मुलाचं दुखणं पत्त्याचं होतं. तो चार वर्षं पुण्यात वाकडला राहतोय. १३ मेला तिकडे मतदान होतं, ऑफिसला सुट्टी होती, पण यादीत नाव नव्हतं. २० मेला सिडकोत नाव होतं, तर तो ऑफिसात. तो सोमवार होता, शनिवार-रविवार धरून येता आलं असतं, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. त्याच रात्री माझ्यासमोर बसून मोबाईलवर फॉर्म ८ भरला. भाडेकरार जोडताना फोटो तीनदा अंधुक आला, चौथ्यांदा बरा आला.

२० नोव्हेंबरला सकाळी आठच्या आत त्याचा फोन आला, रांगेत उभा होता. आमच्या यादीतून त्याचं नाव निघालं, आता आमच्या घराखाली चार नावं आहेत. त्या दिवशी चारही जण जाऊन आलो. आप्पा सगळ्यात आधी, सव्वासातला.