पॅरिश कौन्सिल उभी करताना: नियमावलीपासून पहिल्या वर्षाच्या कामापर्यंत

पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाची (पॅरिशची) पाळकीय परिषद, म्हटलं की पुष्कळ धर्मग्रामांत डोळ्यांपुढे येते ती सणाच्या तयारीची बैठक. मांडव कोणाला सांगायचा, बँड कुठला, नोव्हेनाचा (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा) कुठला दिवस कुठल्या आळीकडे. ही कामं व्हायलाच हवीत, पण त्यांना सण समिती पुरते. पाळकीय परिषद बसते ती वेगळ्या कामासाठी: आपल्यातून कोण दूर जातंय, कोणाच्या दारापर्यंत आपण पोचलेलोच नाही आणि येत्या वर्षी त्यासाठी नेमकं काय करायचं, हे फादरांसोबत ओळखण्यासाठी. सभासद कसे निवडायचे, बैठक किती वेळाची, इतिवृत्तात काय लिहायचं, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. पुढची मांडणी वसई परिसरातल्या मराठी भाषक धर्मग्रामांना समोर ठेवून केली आहे. इतरांनी आपल्या सोयीने आकडे बदलावेत.

आधी नियमावली हातात घ्या

१९८३ च्या चर्च कायदासंहितेतला कॅनन (कलम) ५३६ हा या परिषदेचा पाया आहे. बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचं मत ऐकावं आणि योग्य वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात पाळकीय परिषद स्थापावी, तिचे अध्यक्ष प्रमुख धर्मगुरू असावेत, तिचं मत सल्ल्यापुरतं असावं आणि ती बिशपांनी घालून दिलेल्या नियमांनी चालावी, असं तो सांगतो. म्हणजे सभासदांची संख्या, मुदत, निवडीची रीत यांतलं बरंचसं तुमच्या धर्मप्रांताच्या नियमावलीत आधीच ठरलेलं असू शकतं. ती प्रत बिशप हाउसमधून मागवा, तीन-चार जणांनी बसून वाचा आणि मगच तारखा ठरवा. आधी निवडणूक आणि मागून नियमावली असं झालं, तर निवडून आलेल्या एखाद्याला घरी पाठवायची वेळ येते आणि ती कटुता वर्षानुवर्षं जात नाही.

अर्थ समिती हे वेगळं मंडळ. कॅनन ५३७ नुसार ती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. हिशेब, इमारतीची दुरुस्ती, दफनभूमीचं कुंपण, ठेवी हे तिचं काम. दोन्ही मंडळांत एकच माणसं बसवू नका. पैशाचा विषय टेबलावर आला की बाकीचे सगळे विषय मागे पडतात आणि वर्षभर फक्त छपराच्या पत्र्यांवरच बोलणं होतं. दुवा म्हणून अर्थ समितीचा एक सभासद पाळकीय परिषदेत असला की पुरे.

‘नुसता सल्लाच द्यायचा तर कशाला बसायचं?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येईल. त्याचं उत्तर तयार ठेवा. कॅनन २१२ म्हणतो की ज्ञान आणि पात्रता असलेल्या भाविकाला चर्चच्या हिताबद्दलचं आपलं मत धर्मगुरूंना सांगण्याचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते त्याचं कर्तव्यही आहे. परिषद ही त्या कर्तव्याला दिलेली ठरलेली जागा. फादर तिथे काय ऐकतात, त्याचं काय करतात आणि एखादा सल्ला मानला नाही तर कारण सांगतात की नाही, यावर तिचं वजन ठरतं. म्हणून परिषदेच्या घटनेत, म्हणजे तिच्या स्वतःच्या लेखी नियमांत, एक वाक्य आवर्जून घाला: परिषदेचा सल्ला स्वीकारणं शक्य नसल्यास अध्यक्ष पुढच्या बैठकीत त्याचं कारण सांगतील. या एका वाक्याने जेवढा विश्वास बसतो, तेवढा दहा शिबिरांनीही बसत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोमला संपलेल्या सिनडच्या (बिशपांच्या जागतिक सभेच्या) अंतिम दस्तऐवजातही अशा परिषदा सगळीकडे बंधनकारक कराव्यात, अशी आग्रहाची मागणी आहे.

वेळापत्रक

नोव्हेंबरच्या शेवटापासून आगमनकाळ, नाताळ आणि लग्नसराई. पुढे उपवासकाळ आणि ईस्टर. मे महिन्यात पुन्हा लग्नं आणि गावाबाहेर गेलेली माणसं. या दिवसांत निवडीला हात घालू नका. जून ते ऑगस्ट बरा: शाळा सुरू झालेली असते, माणसं घरी असतात, पाऊस असला तरी आळीतल्या आळीत बैठक भरते. एकूण बारा आठवडे धरा. नियमावली आणि आराखड्याला तीन, लोकांना समजावून सांगायला तीन, आळीवार निवडीला तीन, नेमणुका आणि तयारीला दोन, आणि शेवटच्या रविवारी मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) प्रवचनानंतर जाहीर प्रतिज्ञा.

समजावण्याचे तीन आठवडे कापू नका. मिस्सानंतरच्या सूचनांत दोन ओळी वाचून दाखवणं म्हणजे समजावणं होत नाही. पहिल्या रविवारी प्रवचनातच विषय घ्यावा, दुसऱ्या रविवारी एका पानाचं मराठी पत्रक घरोघरी जावं, तिसऱ्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये अर्धा तास प्रश्नोत्तरं व्हावीत. पत्रकात प्रामाणिकपणे लिहा की हे काम महिन्याला साधारण पाच तास मागतं: एक बैठक, एक घरभेटीची संध्याकाळ आणि थोडं वाचन. ते आधी न सांगितल्यामुळेच तिसऱ्या बैठकीपासून खुर्च्या रिकाम्या दिसतात.

किती माणसं, कोणती माणसं

पंधरापेक्षा कमी असली तर सगळ्या आळ्या येत नाहीत; पंचविसापेक्षा जास्त झाली की दोन-चार जण बोलतात आणि उरलेले ऐकतात. सहा आळीगटांच्या धर्मग्रामासाठी एकवीसचा हा हिशेब चालतो: प्रत्येक गटातून एक महिला आणि एक पुरुष असे बारा, प्रमुख आणि सहायक धर्मगुरू दोन, धर्मभगिनींपैकी एक, पंचविशीच्या आतले दोन युवक, धर्मग्रामातल्या सगळ्या संस्था मिळून दोन, आणि फादरांनी नेमलेले दोन.

संस्थांना दोनच जागा का, हे खुलाशाने सांगावं लागतं. प्रत्येक संस्थेला एक जागा दिली की परिषद ही संस्थांची बेरीज होते. जो तो आपला अहवाल वाचतो, आणि जो कुठल्याच संस्थेत नाही, म्हणजे धर्मग्रामातली बहुतेक माणसं, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

नेमलेल्या दोन जागा मात्र जपून वापरा, कारण मतदानात काही माणसं कधीच निवडून येत नाहीत. वसईतल्या एकाच धर्मग्रामात सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी आणि फ्लॅटमध्ये राहायला आलेली मंगळुरी, गोवेकर, मलबारी कुटुंबं असू शकतात. आळीचं मत आळीच्या जुन्या घरांकडे जातं. सोसायटीतल्या भाडेकरूला कोणी ओळखत नाही. आधी निवडीचे निकाल कागदावर मांडा, कोण राहिलं ते बघा आणि त्यांच्यातून नेमा. फादरांच्या जवळच्या दोन माणसांसाठी त्या जागा वापरल्या, तर लोकांच्या ते लगेच लक्षात येतं.

कोणाला घेऊ नये तेही आराखड्यात लिहून ठेवा: राजकीय पक्षाचे पदाधिकारी आणि निवडणुकीला उभे राहणारे, चर्चचे पगारी कर्मचारी, चर्चशी जमिनीचा किंवा पैशाचा वाद चालू असलेले, आणि एकाच घरातली दोन माणसं. हे नंतर, म्हणजे नाव पुढे आल्यावर सांगितलं, तर तो त्या माणसाचा अपमान ठरतो.

आळीत निवड कशी घ्यावी

हात वर करून निवड घेऊ नका. शेजारी बसलेल्या चुलत्याच्या विरोधात हात कोण वर करणार? मतपत्रिका म्हणून वहीच्या पानाचा चौथा भाग पुरतो. वर आळीगटाचं नाव, खाली दोन रेघा: एकीवर ‘महिला’, दुसरीवर ‘पुरुष’. पेन्सिली सगळ्यांना सारख्या द्या, म्हणजे शाईवरून कोणी ओळखायला नको.

बैठक सुवार्तेच्या वाचनाने सुरू होते. मग पाच मिनिटं परिषदेचं काम समजावून सांगायचं आणि दोन मिनिटं शांतता. पहिल्या फेरीत उमेदवार नसतातच. जो तो मनात आलेलं नाव लिहितो. सर्वांत जास्त वेळा आलेली तीन-तीन नावं वाचायची आणि त्या माणसांना तिथेच विचारायचं: वेळ देता येईल का? नाही म्हणणाऱ्याला आग्रह करू नका. उरलेल्यांवर दुसरी फेरी. मतं आळीबाहेरच्या दोन जणांनी मोजावीत आणि कागद लखोट्यात बंद करून धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावेत. गटातल्या किमान एकतृतीयांश घरांतून कोणीतरी हजर असावं. नसल्यास आठवड्याने पुन्हा बोलवा.

मुदत साधारण तीन वर्षं, सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. नियमावलीत बसत असेल तर पहिल्या खेपेला प्रत्येक गटातल्या दोघांपैकी एकाला चिठ्ठी टाकून दोनच वर्षं द्या, म्हणजे सगळी परिषद एकाच दिवशी नवखी होत नाही.

बैठक

दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी, दीड तास, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. रात्री साडेसातची वेळ ठेवली की स्वयंपाकासाठी बायका अर्ध्यातून उठतात, आणि निर्णय त्यानंतरच होतात. विषयपत्रिका सात दिवस आधी पोचावी. ती फादर, उपाध्यक्ष आणि सचिव मिळून करतात, पण कोणाही सभासदाला विषय सुचवता आला पाहिजे. ऐनवेळचे विषय पुढच्या बैठकीवर टाका, अपवाद फक्त संकटाचा.

दीड तासाची वाटणी: वाचन आणि प्रार्थना १० मिनिटं, मागचं इतिवृत्त ५, एकच मुख्य विषय ४५, त्यावरचा सल्ला आणि फादरांचं उत्तर १५, अहवाल १०, समारोप ५. मुख्य विषयासाठी सात-सात जणांचे तीन गट करा. पहिल्या फेरीत प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी तोडायचं नाही. तीन मिनिटं शांतता. दुसऱ्या फेरीत एकेक मिनिट, पण आपलं मत पुन्हा मांडायचं नाही. दुसऱ्याचं काय मनाला लागलं तेवढंच सांगायचं. मग बारा मिनिटं मोकळी चर्चा आणि प्रत्येक गटाचं तीन मिनिटांत निवेदन. सिनडच्या बैठका याच धाटणीच्या तीन फेऱ्यांनी चालल्या. फादरांनी आपलं मत शेवटी सांगावं. ते आधी सांगितलं की गटात त्याचीच उजळणी होते.

इतिवृत्तात ‘युवकांच्या प्रश्नावर सविस्तर चर्चा झाली’ असं लिहिलं, तर सहा महिन्यांनी त्यातून काहीच हाती लागत नाही. असं लिहा: ‘दहावीनंतर संडे स्कूल सुटलं की मुलांचा चर्चशी संबंध तुटतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्यासाठी गट सुरू करावा, असा १९ पैकी १५ जणांचा सल्ला. चौघांना आधी घरभेटी व्हाव्यात असं वाटतं. फादरांनी सल्ला मान्य केला. जबाबदारी दोन युवक सभासद आणि सिस्टर. आढावा नोव्हेंबरच्या बैठकीत.’ वेगळं मत असलेले चौघे नोंदले गेले, हे महत्त्वाचं. इतिवृत्ताचा अर्ध्या पानाचा सारांश पुढच्या रविवारी चर्चच्या फलकावर लावा. कुटुंबांची खासगी प्रकरणं तेवढी वगळा. तीच शिस्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला: तिथे फक्त तारखा आणि कागद पाठवायचे, चर्चा बैठकीतच. रात्री अकराला लिहिलेल्या एका ओळीने दोन आळ्यांत अबोला येतो.

पहिलं वर्ष

पहिल्या तीन बैठकांत कुठलाही कार्यक्रम ठरवू नका. धर्मग्राम मोजा. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या प्रत्येक धर्मग्रामात ठेवाव्याच लागतात. कार्यालयाकडून गेल्या पाच वर्षांचे फक्त आकडे घ्या. सलग दोन रविवारी प्रत्येक मिस्साला आलेली माणसं दारावर मोजा: मुलं, तरुण, मोठी, वृद्ध. प्रत्येक आळीतून अंथरुणाला खिळलेल्यांची, एकट्या राहणाऱ्यांची आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांची यादी घ्या. ते कागद शेजारी शेजारी ठेवले की काय करायचं हे बहुतेक वेळा आपोआप दिसतं. त्यातून वर्षासाठी दोनच कामं निवडा. पाच निवडली तर पाचही अर्धवट राहतात.

फादरांची बदली झाल्यावर परिषद चालू राहते की थांबते, हे धर्मप्रांताची नियमावली ठरवते. ते आजच बघून ठेवा. दोन्ही प्रसंगी सचिवाकडे एक फाइल तयार हवी: घटना, सभासदांची यादी आणि मुदती, शेवटच्या बारा महिन्यांची इतिवृत्तं, मोजणीचे कागद, आणि चालू कामांचं एक पान, प्रत्येक कामापुढे जबाबदार माणसाचं नाव. नवे फादर आल्यावर पहिल्या आठवड्यात ती त्यांच्या हातात द्यावी आणि पहिल्या महिन्यातच बैठक ठेवावी. त्या बैठकीला मुख्य विषय एकच: एकेका आळीने आपल्याकडची परिस्थिती त्यांना सांगायची.