मोर्सवर चालणाऱ्या गेमला अभिप्राय कसा द्यावा

लातूर-नांदेडकडची इंजिनिअरिंगची पोरं हल्ली गोडो नाहीतर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात स्वतःचा गेम बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, ‘दादा, खेळून सांगा ना.’ गेम एकाच बटणावर, मोर्स कोडवर (छोट्या-लांब खुणांनी अक्षरं पाठवायची तारेची जुनी लिपी) चालणारा असला की उत्तरं ठरलेली: ‘एक नंबर भावा’ किंवा ‘लई अवघड आहे, साधी बटणं दे’. दोन्हींचा त्याला काडीचा उपयोग नाही. मोर्स काढला तर त्या गेमात राहिलं काय? ‘तार 2013 मध्येच बंद झाली’ हे शहाणपणही नको. हातांची हालचाल मर्यादित असलेल्यांना टाइप करता यावं म्हणून गूगलने 2018 मध्ये जीबोर्ड या आपल्या फोनवरच्या कीबोर्डात मोर्स आणला.

हेडफोन वायरचा घ्या, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट चालू ठेवा. पहिल्या खेपेला जिथे अडाल ते तिथेच लिहून ठेवा, एकदा हात बसला की ते आठवत नाही.

खरी मेख पुढे आहे, आणि मीही इथेच बराच काळ अडखळत होतो. मोर्सची छोटी खूण म्हणजे डॉट, लांब म्हणजे डॅश, आणि वेळ मोजायचं माप म्हणजे मात्रा. डॉट एक मात्रेचा, डॅश तीन मात्रांचा. एका अक्षराच्या आत एक मात्रेची फट, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. मिनिटाला 10 शब्दांच्या वेगात एक मात्रा 120 मिलिसेकंदांची. गेमला फक्त बटण किती वेळ दाबलं नि किती वेळ सोडलं एवढंच कळतं. कितीच्या पुढे डॅश धरायचा आणि किती थांबल्यावर अक्षर संपलं म्हणायचं, या दोन रेघा त्या पोराने मारलेल्या असतात. बहुतेक भांडण या रेघांचं असतं, आणि लोक लिहितात ‘कंट्रोल नीट नाहीत’.

म्हणून ‘ए’ पाठवून बघा, म्हणजे डॉट-डॅश. ‘ई’ आणि ‘टी’ सुटे उमटले तर गेम अक्षर लवकर बंद करतोय. ‘आय’ उमटला तर तुमचा डॅश त्याला आखूड वाटला. ‘एम’ उमटला तर डॉटच लांब वाटला. ‘ई’ नि ‘टी’ मुद्दाम वेगळे पाठवूनही ‘ए’ झाला तर अक्षर बंद व्हायला उशीर होतोय. हे सगळं मेनूत शांतपणे करा आणि दुश्मन अंगावर आल्यावर परत करा, कारण घाईत बोट बटणावर जास्त टेकतं आणि डॉट लांबतात.

चूक गेमची की तुमच्या बोटाची, हे अंदाजाने ठरवू नका. सेकंदाला 60 फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. बटण दाबल्यावर वाजणारा बीप सातेक फ्रेम टिकला आणि वरच्याच वेगात गेमने त्याला डॅश धरलं, तर दोष गेमचा. वीस-बावीस फ्रेम टिकला असेल तर तो डॅशच होता, गप्प बसा.

कोणत्या कामाला कोणतं अक्षर दिलंय तेही बघा. जंप म्हणून उडीला ‘जे’ देण्याचा मोह सगळ्यांना होतो. ‘जे’ म्हणजे एक डॉट, तीन डॅश, एकूण 13 मात्रा. वरच्या वेगात दीड सेकंदाहून जास्त. तेवढ्यात खड्डा येऊन गेलेला असतो. उडीला ‘ई’ द्यायला सांगा, तो पाठवायला एकच मात्रा लागते.

लिहिताना आधी गोड, मग कडू, मग परत गोड असली कसरत करू नका. कोणत्या लेव्हलला, काय पाठवलं, काय उमटलं, कितीपैकी किती वेळा, फोन कोणता, रेकॉर्डिंगमध्ये कुठे बघायचं, एवढं लिहा. ‘डॅशच्या रेघेचा आकडा 200 कर’ असं सांगू नका, कोड त्याचा आहे. मागायचंच तर सेटिंगमध्ये वेग कमी-जास्त करायची सोय मागा.

हे ग्रुपवर टाकू नका, त्याला एकट्याला पाठवा. ‘दादा, माझ्या फोनवर तर बरोबर चालायलंय’ असं उत्तर येईलच. वाद न घालता रेकॉर्डिंग द्या, आणि नवी फाइल आली की त्याच लेव्हलला, त्याच हेडफोनवर तोच ‘ए’ परत पाठवून बघा.