स्वमग्न असाल तर पहिल्या नोकरीत काय मागायचं?

माझ्या स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान 26व्या वर्षी झालं. तोवर दोन नोकऱ्या सुटल्या होत्या. काम दोन्हीकडे येत होतं. पण पहिल्या ठिकाणी साहेब जाता-जाता टेबलाशी थांबून तीन-चार कामं तोंडी सांगायचे, आणि मला त्यातलं पहिलंच ऐकू आलेलं असायचं. दुसरीकडे माझी खुर्ची प्रिंटर आणि पँट्रीच्या मध्ये. दुपारपर्यंत डोकं इतकं भणभणायचं की समोरचे आकडे नुसते दिसायचे, कळायचे नाहीत. शेरा मिळाला, ‘लोकांत मिसळत नाही.’

तिसऱ्या नोकरीत ऑफर लेटर हातात आल्यावर मी एचआरला मेल केला. ‘मी स्वमग्न आहे, कृपया समजून घ्या’ एवढंच लिहिलं असतं तर समोरच्यानं काय करायचं? म्हणून चार गोष्टी लिहिल्या: काम मेलवर द्यावं, जागा कोपऱ्यात असावी, हेडफोन चालावेत आणि वेळ आठ ते चार असावी.

वेळेची मागणी सर्वांत मोलाची ठरली. मी डोंबिवलीची. साडेआठच्या फास्ट लोकलमध्ये चारी बाजूंनी अंगं घासतात, शेजारी मोबाईलवर गाणी चालू असतात. दादरला उतरेपर्यंत माझ्यातलं दिवसभराचं बळ संपलेलं असायचं. आता पहाटेची स्लो पकडते, बसून येते. त्याच डोक्यानं हिशेब तपासते, आणि चार वर्षं टिकले आहे.

कायदा माहीत असू द्या. 1995च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत ती आहे. खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. ते मागून घ्या, आणि आपल्याला हव्या त्या सोयी त्यात आहेत का ते पाहा. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासाठी 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढताना घरात वाद होईल. आई म्हणाली, ‘मग लग्नाचं काय?’ तिची भीती खरी होती, त्यामुळे मी भांडले नाही. फॉर्म मात्र भरला. ऑफिसातही ‘दिसत तर नाही तसं’ हे ऐकावं लागतंच. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं दुखणं उलटं: तिचं दिव्यांगत्व सगळ्यांना दिसतं, तरी तिचं ट्रेनिंग लिफ्ट नसलेल्या मजल्यावर ठेवलं गेलं. तिनंही मग मेलच केला, ‘खोली तळमजल्यावर हवी.’ मिळाली.

होकार तोंडी मिळाला तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ असा मेल टाकून ठेवा. गेल्या वर्षी माझे मॅनेजर बदलले आणि नव्यांनी पहिल्याच आठवड्यात दहाची वेळ सांगितली. मी जुना मेल पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीनंच गेले.