टर्मिनल सर्व्हरच्या पोर्टवरून प्रिंटिंग : या चुका टाळा

टर्मिनल सर्व्हर म्हणजे बरेच सीरियल पोर्ट नेटवर्कला जोडणारी पेटी, आणि त्यातल्या एका पोर्टला आपण प्रिंटर लावलाय. प्रिंटर चालू, केबल जागेवर, आणि कागदावर उमटतं काय, तर नुसतं ‘लॉगिन:’. याचा अर्थ पोर्ट अजून टर्मिनलच्याच मोडमध्ये आहे. पलीकडे माणूस बसलाय असं समजून सर्व्हर त्याला नाव विचारतोय. त्या पोर्टवरचं लॉगिन बंद करा आणि नेटवर्ककडून येणारं कनेक्शन स्वीकारायला लावा.

दुसरी चूक पोर्ट नंबरची. 9100 पाठ असतो म्हणून तोच टाकला जातो, पण तो नेटवर्क कार्ड असलेल्या प्रिंटरचा. टर्मिनल सर्व्हरवर प्रत्येक सीरियल लाइनला वेगळा नंबर असतो. सिस्कोच्या जुन्या राउटरवर लाइन 5 साठी 2005 म्हणजे टेलनेट (दूरच्या मशीनवर टाइप करून काम करायची पद्धत) आणि 4005 म्हणजे रॉ (बाइट जसेच्या तसे). कप्स या लिनक्सवरच्या प्रिंटिंग व्यवस्थेत थेट पोर्टवर डेटा पाठवणारी जी ‘सॉकेट’ रांग असते, तिला रॉच द्या. टेलनेटमध्ये 255 हा बाइट खुणेचा समजून गिळला जातो. साधा मजकूर नीट येतो, लोगो मात्र फाटतो, आणि आपण ड्रायव्हर बदलत बसतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो फ्लो कंट्रोल, म्हणजे पाठवणाऱ्याला ‘थांब’ किंवा ‘चालू दे’ सांगायची सोय. पहिलं पान झकास, दुसऱ्याच्या मध्यापासून अक्षरं गायब, असं दिसलं की संशय इथेच घ्यायचा. 9600 बॉड या वेगाला सेकंदाला साधारण 960 अक्षरं जातात. डॉट मॅट्रिक्सला तेवढी छापता येत नाहीत. बफर भरला की प्रिंटर ‘थांब’ म्हणतो, पण ते ऐकणारं कुणी हवं ना! दोन्ही टोकांना एकच पद्धत ठेवा. हार्डवेअरची, म्हणजे वेगळ्या वायरीवरून ‘थांब’ सांगणारी, असेल तर केबलही तपासा : बरेच सीरियल प्रिंटर 25 पिनांच्या कनेक्टरवर ‘थांब’ हे 20 नंबरच्या डीटीआर पिनवरून सांगतात, आणि सर्व्हर बघत असतो आपल्या सीटीएस पिनकडे. या दोन वायरी जोडलेल्या नसतील, तर सेटिंग कितीही बरोबर असो, उपयोग शून्य.

ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत असतील, तर लाइन फीडसोबत (एक ओळ खाली) कॅरेज रिटर्न (डाव्या कडेला परत) जात नाहीये, एवढंच.

रांग बनवण्याआधी नेटकॅटने (पोर्टवर थेट डेटा पाठवणारी छोटी कमांड) दोन ओळी थेट त्या पोर्टवर पाठवून बघा. त्या छापल्या गेल्या नाहीत, तर कप्समध्ये शोधून काही सापडणार नाही. आणि चाचणी संपली की कनेक्शन तोडा. अशा पोर्टवर सहसा एका वेळी एकच जण बसू शकतो. रांग का हलत नाही म्हणून मी एकदा अर्धा दिवस घालवला; पोर्ट अडवून बसली होती माझीच टेलनेटची खिडकी, मिनिमाइज केलेली.