शिकारी, पारधी, व्याध: कोणता शब्द कुठे लिहावा?

नेमका शब्द ठरत नसेल तर 'शिकारी' लिहा. फारसीतून आलेला हा शब्द बंदूकवाल्याला चालतो, जाळेवाल्यालाही. चूक होते ती विभक्ती लावताना. 'शिकारीला गेला' म्हणजे शिकार करायला गेला. माणूस म्हणायचा असेल तर 'शिकाऱ्याला', 'शिकाऱ्यांनी'. त्यातही 'आचार्य'सारखा रफार देऊन 'शिकार्याला' लिहू नका, उच्चारच बदलतो. 'पारधीला गेला' आणि 'पारध्याला भेटला' यांतही हाच फरक.

'पारधी' मात्र जपून वापरा. पारध म्हणजे शिकार आणि ती करणारा तो पारधी, हा अर्थ जुन्या काव्यात आणि लोककथांत सरळ आहे. आज पारधी हे आधी एका समाजाचे नाव आहे. फासे लावून तितर, लावे, हरणे धरणारे ते फासेपारधी. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजावर शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण बोलण्यातला शिक्का अजून पुसलेला नाही. म्हणून चोरून शिकार करणाऱ्याला बातमीत 'पारधी' म्हणणे भाषेच्या दृष्टीने चूक आणि माणसांवर अन्यायही. तिथे 'चोरटा शिकारी' लिहा. गुन्हा सिद्ध व्हायचा असेल तर 'शिकारीच्या गुन्ह्यातील संशयित'.

बातमी लिहिणाऱ्याने कायद्यातला अर्थही लक्षात ठेवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. फासा लावणे, विष घालणे, त्यासाठी जनावर हाकणे, इतकेच काय, पक्ष्यांची अंडी फोडणेही त्यात येते. त्यामुळे 'त्याने शिकार केली नाही, फक्त फासा लावला' हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने टिकत नाही.

हाक्याच्या शिकारीचे वर्णन करताना सगळ्यांना शिकारी म्हणू नका. ढोल-डबे बडवत, ओरडत रान उठवणारे ते हाकेवाले; मचाणावर बंदूक घेऊन बसलेला तो शिकारी. ज्याच्यावर नेम धरला आहे ते सावज. हा शब्द 'श्वापद'वरून आला, आणि गुजरातीत सावज म्हणजे चक्क सिंह, तेव्हा भाषांतर करताना फसू नका.

'व्याध' पुराणकथेत आणि आकाशात शोभतो. मूळ धातू 'व्यध्', म्हणजे भोसकणे, वेधणे; म्हणून हातात धनुष्यबाण असेल तिथे तो चपखल बसतो. मृग नक्षत्राच्या पोटातले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याचा बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा सापडतो, तोच व्याध. हिंदीत त्याला लुब्धक म्हणतात. 'व्याधाने' लिहिताना 'व्याधीने' होऊ देऊ नका. तसे झाले तर हरणाला बाण लागण्याऐवजी रोग होतो.