कारल्याची कोशिंबीर का फसते? या चुका टाळा

कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. ही म्हण तोंडपाठ असूनही दर पावसाळ्यात माणसं कारलं गोड करायला निघतात, आणि कोशिंबीर तिथेच फसते. कारल्याचा कडूपणा घालवायचा नसतो, थोडा उतरवायचा आणि बाकीच्याला सोबत द्यायची.

लग्नानंतर गुहागरला आले त्या पहिल्या श्रावणात मीही हेच केलं. परसातल्या मांडवावरची कारली चिरली, रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवली आणि सकाळी वर साखर पेरली. कडू, खारट, गोड, सगळं वेगवेगळं लागत होतं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "अगो, कारलं कुठाय यात?"

भिजत घालणं हीच मोठी चूक. पाण्यात कडूपणाबरोबर क जीवनसत्त्वही उतरतं आणि कारलं लिबलिबीत होतं. दोन मध्यम कारल्यांच्या अगदी पातळ चकत्या करा, सपाट चमचाभर मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा. मीठ आतलं पाणी ओढून घेतं, त्यातून बराच कडूपणा निघतो. मग मुठीत घट्ट पिळा. अर्धवट पिळलंत तर ताटात पाण्याचं तळं होणार. काटे मुळापर्यंत सोलत बसू नका, टोकं खरवडली की पुरे.

कारलं निवडतानाच निम्मं काम होतं. हिरवंगार, टणक घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' जात आमच्याकडे मांडवावर चांगली येते. पिवळं पडलेलं, आत लाल बिया झालेलं कारलं कोशिंबिरीला नको, त्या बिया खाऊही नयेत.

आता आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस. इथेच कोकणाबाहेरचे पाहुणे हमखास चुकतात. कोकमाच्या आगळात मीठ आधीच असतं, कारल्याला मीठ लागलेलंच आहे, त्यावर सवयीने पुन्हा चिमूट टाकली की संपलं. आगळ चमचाभर घाला, चाखा, मगच मिठाचं बघा. खारट झालंच तर खवलेला ओला नारळ वाढवा. पिळलेलं कारलं मिसळण्याआधी चाखलं असतंत, तर नुसतं एकदा धुऊन भागलं असतं.

सोबत म्हणजे नारळ, कांदा, आंबट आणि गुळाचा सुपारीएवढा खडा. नारळ इथे शोभेपुरता नाही, त्याच्या स्निग्धपणाने कडू चव मवाळ होते, म्हणून अर्धी वाटी तरी हवाच. कांदा अलिबागचा पांढरा असेल तर उत्तम. उन्हाळ्यात माळा घेऊन टांगल्या असतील तर पावसात कामी येतात. वर हिरवी मिरची, कोथिंबीर.

कच्चं अजिबात सोसत नसेल तर पिळलेल्या चकत्या चमचाभर खोबरेल तेलावर तव्यात पाच मिनिटं परता. कुरकुरीत होईपर्यंत तळू नका. चव छान लागते, पण मग ती कोशिंबीर नव्हे, चिवडा झाला.

मुलांना वाटीभर वाढून "संपव" म्हणणं ही शेवटची चूक. कोशिंबिरीची जागा ताटाच्या डाव्या बाजूला, तीही चमचाभर. आमटीभाताबरोबर तेवढंच जातं. आणि हो, साखरेवर गुणकारी म्हणून कोणी वाडगेच्या वाडगे खात असेल, तर मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर जास्त खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईनेही बेताने.

नारळ-कांदा पानं घेताना कालवा. पावसाळी दमट हवेत खवलेला नारळ लवकर आंबतो. कालवलेली उरलीच, तर मी ती संध्याकाळीच थालिपिठाच्या भाजणीत मळून टाकते.