वाचता येईल असे अक्षर: राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या तयारीतला एक अनुभव

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत सर्वांत जास्त धास्ती मी घेतली. कारण बहुपर्यायी प्रश्नांची वर्तुळे रंगवण्यात माझी चार वर्षे गेली होती आणि लहानपणापासूनचे गिचमिड अक्षर तेवढ्यात आणखी बिघडले होते. सामान्य अध्ययनाचे चार पेपर, प्रत्येकी 250 गुण आणि तीन तास, हे सगळे आता हाताने लिहायचे होते.

गावातील एका निवृत्त शिक्षकांनी माझे पहिले सराव-उत्तर मोठ्याने वाचले. 'पीकविम्याचा हप्ता भरणारे शेतकरी' असे मी लिहिले होते. सरांनी 'मरणारे शेतकरी' असे वाचले आणि ते थांबले. आमच्या भागात हा शब्द असा चुकून वाचला जावा, याचे मला फार वाईट वाटले.

दोष शिरोरेघेत होता. शब्द लिहून झाला की मी एका झटक्यात सलग रेघ ओढत असे. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर ती तुटलेली असावी लागते. सलग ओढली की भ चा म, ध चा घ आणि थ चा य होतो. शिवाय माझ्या ख मधले र आणि व सुटे पडत. म्हणून सुंदर अक्षराचा नाद सोडून मी ही चारच अक्षरे धरली आणि भरपाई, विधानसभा, व्यथा, लेखापाल असे शब्द दुरेघी वहीत रोज एक पान, दोन महिने गिरवले. नव्याने तयारी करणाऱ्यांनीही आधी आपली फसणारी अक्षरे शोधावीत, असे मला वाटते. वेग त्यानंतर वाढवावा. दीडशे शब्दांना मी आठ मिनिटे ठरवली आहेत.

कापूस वेचून आल्यावर बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडलेली असतात, त्या दिवशी लिहू नये, वाचन करावे. मे महिन्यात घामाने कागद ओला होतो आणि जेलची शाई पसरते, म्हणून बॉलपेन वापरावे व तळव्याखाली कोरा कागद ठेवावा.

उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाकडून आपले पान वाचून घेणे मला सर्वांत उपयोगी पडले. माझी नववीतली बहीण जिथे अडखळते, तिथे मी खूण करतो. मागच्या आठवड्यात दोन पानांत ती एकदाच, 'अधिग्रहण' या शब्दावर थांबली. सध्या दुरेघी वहीत तोच शब्द चालू आहे.